बाकीचे अठरा तास

खुटवड बाई सकाळी शाळेच्या फाटकात तळहात पुढे करून उभ्या राहायच्या. आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशावर आणि दप्तराच्या फुगलेल्या कप्प्यावर त्यांची नजर असायची. वेफर्सची, तळलेल्या रंगीत नळ्यांची, मसाला लावलेल्या कसल्याही कुरकुरीत खाऊची पुडी दिसली की तळहात त्या पोराच्या नाकासमोर यायचा. "हितं ठेव. पाचला मिळंल." पाचला पुडी मिळायची, हे खरं. पण ती पोराच्या हातात कधीच पडायची नाही. न्यायला आलेल्या आईला पुढे बोलावून, चारचौघींच्या देखत ती आईच्या हातात दिली जायची आणि वर चार शब्द दिले जायचे. पुडीतल्या मसाल्यापेक्षा ते शब्द जास्त झोंबायचे.

मला ते पहिल्यांदा ऐकायला मिळाले तेव्हा माझी आरोही नुकतीच चौथीत गेली होती. बाई तिच्या वर्गाला नव्यानेच आल्या होत्या. उंच, वाळक्या, केसांचा घट्ट आंबाडा, पायात पुरुषी सँडल. मला बघून म्हणाल्या, "तुमी आरोहीची आई व्हय? मला वाटलं, हिला दुकानदारानं मालाची गाडी म्हनून पाठवलंय. तीन पुड्या निघाल्या दप्तरातनं." बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. मी पोरीचा हात ओढला आणि घर येईपर्यंत मनातल्या मनात बाईंना शिव्या घातल्या. हिंगोलीकडच्या शिव्यांचा माझ्याकडे चांगला साठा आहे.

पहिल्यांदाच सांगून टाकते, बाई मला आवडत नव्हत्या. आजही त्या समोरून आल्या तर मी रस्ता बदलीन. तरीही त्यांच्याबद्दल लिहिते आहे, कारण माझ्या लेकीचं जे चांगलं चाललं आहे ते त्यांच्यामुळे, आणि त्यांचं जे वाईट झालं ते माझ्यामुळे.

माझी शाळा सातवीत सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. लग्नानंतर नवऱ्याला हायवेवरच्या एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही हिंगोलीहून थेट इकडे, कामथडीच्या बाजूला आलो. माहेर एका रात्रीच्या प्रवासावर. इथे ओळखीचं कोणी नाही, बोलायला तोंड उघडलं की "माह्या" आणि "काहून" ऐकून लोक हसायचे. नानांच्या किराणा दुकानामागची एक खोली भाड्याने मिळाली. नाना म्हणजे आमचे घरमालक, गल्ल्यावर बसणारे दुकानदार आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष, तिन्ही एकच. त्यांची बायको शोभाकाकू. मला ताप आला तेव्हा काकूंनीच पेज करून पाजली होती. या गावात मला आपलं म्हणावं असं तेवढं एकच दार होतं.

आरोही जन्मली तेव्हा एवढीशी होती. हिंगोलीच्या अंगणवाडीत तिचं वजन भरायचं नाही, वहीत तिच्या नावापुढे लाल खूण असायची. तिथल्या ताई दर वेळी म्हणायच्या, "दोन-दोन तासांनी काहीतरी भरव, नाहीतर लेकरू हातचं जाईल." मी एकोणीस वर्षांची. ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते उठलंच नाही. ती झोपली तरी मी नाकाजवळ बोट धरून बघायची. इकडे आल्यावर तिचे गाल भरले, दंड भरले, येणारे-जाणारे "गुटगुटीत आहे हो" म्हणायला लागले, तेव्हा मला आयुष्यातली एकुलती एक परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं होतं.

खोलीच्या पुढे दुकान, दुकानाच्या पुढे हायवे. कंटेनर असे धावायचे की भांडी वाजायची. पोरीला बाहेर सोडायची माझी छाती नव्हती. मग ती आत, मोबाईल आत आणि पुडी आत. काकू गल्ल्यावरून हाक मारायच्या, "ये गं चिमने, ही घे नवी आलीया." नवरा बारा तास मशीनवर उभा राहून यायचा, येताना मोठा पुडा आणायचा. लेकीने पायाला मिठी मारली की त्याचा थकवा उतरायचा. पाहुणे आले तरी खाऊचा पुडा घेऊनच यायचे. मुलं असलेल्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? आम्ही काही वाईट करतो आहोत असं आमच्या सात पिढ्यांच्या ध्यानात आलं नसतं.

बाईंनी एके दिवशी शाळेत वजनकाटा आणला. निरोप आला, आयांनी हजर राहायचं. मी निघताना आरोहीच्या कानामागे काजळाची तीट लावली. सगळ्यांसमोर लेकराचं वजन करायचं म्हणजे नजरेला आवतण. बाईंनी ती तीट बरोबर हेरली.

"ह्ये काय?"

"नजर लागते, बाई."

"नजर लागून वजन उतरत आसंल, तर सगळ्या गावाला उभं करते हितं. बघा म्हनावं पोटभर." मग काट्याकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, "आरोहीची आई, पोरगी वाढली न्हाई, फुगलीया. पायऱ्या चढताना तिला दम लागतोय, तुमाला दिसत न्हाई का?"

"लहानपणी ती अशक्त होती, बाई. लाल खुणेत होती."

"तवा व्हती. तवाचं अवशद आता बंद करा."

एवढंच. समजावणं नाही, पाठीवर हात नाही. एका बाईने सांगितलं होतं भरव, दुसरी सांगते बंद कर, आणि दोघींच्या मध्ये मी मठ्ठ. त्या दिवसापासून मी बाईंना तोंडावर "हो बाई" आणि पाठीमागे "वाळकी काठी" म्हणायला लागले.

बाईंचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. "सा तास माजं, अठरा तास तुमचं." फळ्यावर भाज्यांची चित्रं काढून काही होत नाही, असं त्या म्हणायच्या. "पोरगं काय बाजाराला जातं? कढईत त्याल पोरगं वततं? मंग पोराला शिकवून मी काय करू? शिकवायचं ते तुमाला." कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते म्हणून त्यांनी पालकांची बैठक गुरुवारी ठेवली, म्हणजे बापांना कारण सांगता येऊ नये. आले त्यांना खुर्च्या नव्हत्या. पोरांच्या पंगतीत मांडी घालून शाळेचीच खिचडी आणि मटकीची उसळ खायची. बाई स्वतः पंगतीच्या टोकाला बसून तेच खायच्या आणि कोण काय टाकतो ते बघायच्या. एका आजोबांनी मटकी बाजूला सारली तर म्हणाल्या, "आजोबा, नातू तुमच्याकडं बघूनच टाकतोय. गिळा."

घरचा अभ्यासही घरच्यांना असायचा. वहीत लिहून यायचं, "आज वडिलांनी मुलीबरोबर अर्धा तास चालायचे. सही वडिलांची." माझ्या नवऱ्याने बसल्या जागी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आरोहीला विचारलं, "वाटंत काय काय दिसलं गं?" पोरगी खरं बोलणारी. म्हणाली, "टीव्ही." संध्याकाळी वही परत आली. सहीखाली लाल शाईत लिहिलेलं, "वडील नापास." नवरा चिडला. "ही कोण माह्या लेकराच्या खाण्यापिण्यावर बोलणारी? दिवसभर उभा राहतो ते कोणासाठी? माह्या पोरीला उपाशी ठेवू का मग?"

तोरणाने तर कहर केला. बाईंनी पोरांना सांगितलं, आठवडाभर घरात जेवढ्या पुड्या फुटतील तेवढी रिकामी पाकिटं शाळेत आणायची. प्रत्येकाने आपापली दोऱ्यात ओवायची, शेवटी नावाची चिठ्ठी. गुरुवारी आम्ही गेलो तर वर्गाच्या भिंतींवर ती तोरणं टांगलेली. कोणाचं वीतभर, कोणाचं हातभर. आरोहीचं दारापासून निघून खिडकी ओलांडून पुढच्या भिंतीवर वळलं होतं. लाल, पिवळं, चंदेरी, पंख्याच्या वाऱ्याने सळसळत होतं. बाईंनी वळून फळा पुसायला घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, "गनपतीला चालंल की ह्ये तोरन!" आणि वर्ग हसला. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

नानांची मान मात्र ताठ होती. ती सगळी पाकिटं त्यांच्याच दुकानातली. ते बाईंना म्हणाले, "बाई, ह्यो धंदा हाय माजा. तुमी शाळंत माज्या दुकानाची धिंड काढलीया." बाई म्हणाल्या, "नाना, तुमीच अध्यक्ष. तुमीच पयला खाऊ बंद करा, मी पयलं तुमचं कौतिक करते." नाना म्हणाले, "बघून घेतो." ते मी ऐकलं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

त्याच सुमाराला मला आरोहीच्या मानेवर मळ दिसला. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, काळी जाड रेघ. मला लाजच वाटली. बाई डबे बघतात, वजन बघतात, उद्या मान बघतील आणि चारचौघींत म्हणतील, पोरीला आंघोळ घालता का? मी बेसन आणि लिंबू लावून घासलं. निघेना. खरखरीत कापडाने घासलं. निघेना. मग मी भांड्यांचा काथ्या घेतला. आरोही ओरडायची, "आई, दुखतंय," आणि मी तिच्या पाठीत धपाटा घालायची, "घाणेरडी, मान धुवत नाहीस, तुझ्यामुळे मला ऐकून घ्यावं लागतं." रोज सकाळी हेच. एके दिवशी कातडं सोललं आणि फ्रॉकच्या कॉलरला रक्त लागलं.

दुकानासमोरून जाताना नानांनी ते पाहिलं. "वैनी, ह्ये काय झालं पोरीच्या मानंला? बाईनं मारलं का काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी गप्प राहिले.

दुपारी दुकानात अर्ज तयार झाला. गावातल्या बायांमध्ये माझं अक्षर चांगलं, सातवीपर्यंत तेवढीच एक गोष्ट मला जमली होती. गल्ल्यावर कागद ठेवून नाना सांगत होते, मी लिहीत होते. बाई पालकांचा अपमान करतात, मुलांना घरचा खाऊ खाऊ देत नाहीत, शाळेच्या भिंतीवर कचरा टांगतात. मग नाना म्हणाले, "आता ल्ह्या, विद्यार्थिनीच्या मानंला विजा केली."

माझा हात थांबला.

"का थांबलात? खोटं हाय का?"

नानांच्या खांद्यामागे आमच्या खोलीचं दार दिसत होतं. काकू मला चहा देत होत्या. मी "विजा"चं "इजा" करून लिहिलं. पुढे पूर्णविराम दिला. बऱ्याच जणींनी सह्या केल्या, पहिली माझी.

चौकशीला तालुक्याहून एक साहेब आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत नाना, मी, आरोही आणि भिंतीला टेकून उभ्या बाई. साहेबांनी आरोहीला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, मानेला कोणी केलं हे?" आरोहीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे माझ्यावरून हलेनात. मला वाटलं, आता ही बोलणार. खरं बोलणारी पोरगी.

बाईच मध्ये बोलल्या. "साहेब, आईसमोर उभं करून लेकराला आसं इचारू नगा." मग त्या पुढे आल्या, आरोहीची वेणी बाजूला केली आणि वाकून मान बघितली. बराच वेळ बघितली. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. मला वाटलं, राग. तो राग नव्हता, त्या घाबरल्या होत्या.

"आरोहीची आई, काथ्यानं घासलं का?"

"आम्ही नाही घासलं," मी म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं.

"ह्यो मळ न्हाई. कितीबी घासा, निघायचा न्हाई. आमाला प्रशिक्षनात डाक्टरांनी दाखवलं व्हतं. रक्तातल्या साखरंचं गनित बिघडाय लागलं की मान आशी काळी पडती. उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात न्या हिला."

साहेब वैतागले. "बाई, तुमच्यावरच्या आरोपाचं बोला."

"ते तुमी काय ल्ह्यायचं ते ल्ह्या. पोरीचं रगत आदी तपासा."

साखर हा शब्द मला माहीत होता. माझ्या बापाचा पाय त्या साखरेने गुडघ्याखाली नेला होता आणि वर्षाच्या आत बापही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कंपनीत दांडी मारली आणि आम्ही आरोहीला नसरापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान पाहिली, रक्त काढलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण काठावर आहे. आत्ता खाणं आणि खेळणं बदललं तर मागे फिरेल. तीन महिन्यांनी परत या." आणि मग माझ्याकडे न बघता, "मान घासत जाऊ नका. तिची चूक नाही ती." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मानेचं कोणी केलं हे त्यालाही तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी शाळेत गेले तर बाई नव्हत्या. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना वेल्ह्याकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत कामगिरीवर पाठवलं होतं. नाना गल्ल्यावरून म्हणाले, "गेली पीडा." मी "हो" म्हणाले. तिसऱ्यांदा.

घरात मात्र बाई राहायला आल्या. पुडी फोडायला हात गेला की फाटकातला तो तळहात दिसायचा. नवरा आता खरंच चालायला लागला, सुट्टीच्या दिवशी शेताच्या बांधाने, आरोहीला पुढे घालून. मी हिंगोलीची ज्वारीची भाकरी परत थापायला लागले. इकडे आल्यापासून, गरिबाचं खाणं म्हणून ती मी लाजेने सोडली होती. आरोही रडायची, भांडायची, एकदा तिने ताट भिरकावलं. ती आणि तिचा बाप भाकरीसमोर फुगून बसले की मी दोघांनाही बोलायची, आणि बोलताना माझाच आवाज मला बाईंसारखा ऐकू यायचा. रागच यायचा स्वतःचा. काकूंनी हाक मारणं बंद केलं. "आमचा खाऊ इख हाय का गं आता?" त्यांनी एकदा विचारलं. मी आरोहीला घेऊन आत गेले.

त्या दिवसांत एक गोष्ट आरोहीकडून कळली. वर्गातली पोरं तिला "टेम्पो" म्हणायची. बाईंनी एकाला तसं म्हणताना ऐकलं आणि दिवसभर त्याला आपल्या टेबलाशी उभं केलं. मी आठवून पाहिलं. आरोही फुगलीया, तिला दम लागतोय, हे सगळं बाईंनी मला ऐकवलं होतं. लेकराच्या तोंडावर त्यांनी कधी वजनाचा एक शब्द काढला नव्हता.

तीन महिन्यांनी रिपोर्ट बरा आला. पूर्ण नाही, पण बरा. तो पिशवीत घालून मी एकटीच वेल्ह्याच्या एसटीत बसले. उतरून अर्धा तास चढ चालले. शाळा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा. बाई व्हरांड्यात पोरांना वाढत होत्या. मला बघून पळी थांबली नाही.

"या. पानी तितं माठात हाय."

पोरं जेवून उठेपर्यंत मी बसून राहिले. मग पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. "ते नगं. कशाला आलाय?"

मी सगळं सांगितलं. काथ्या, गल्ला, अर्ज, तिन्ही खोटं. मध्येच रडू आलं. बाई माझ्या रडण्याकडे फळ्यावरच्या चुकीकडे बघावं तसं बघत होत्या.

"रिपोर्ट आनलाय का?"

मी दिला. त्यांनी चष्मा चढवून दोनदा वाचला. "बरं हाय. हितनं फुडं ढिलं सोडू नगा." घडी घालून परत दिला.

"बाई, मला माफ करा. मी साहेबांना दुसरा अर्ज लिहिते. तुम्हाला परत बोलावतील."

"माफ न्हाई करायची मी." आवाज चढला नाही. "माज्या नोकरीला डाग लागला. मी पोरांना मारते आसं कागदावर आलं, तुमच्या अक्षरात. घरी माज्या म्हाताऱ्या आईला कुनीतरी ते सांगितलं. ते तुमी कसं पुसनार?"

मी रिपोर्टची घडी पिशवीत सरकवली.

"आन परत बोलवायचं म्हनाल, तर हितंबी काम हाय. हितली पोरं वाळल्याली हाईत, आन पुड्या त्याच. डोंगरावर एसटी धड येत न्हाई, पर पुडी येती." मग म्हणाल्या, "अर्ज करायचा तर करा, ते तुमचं कर्तव्य. पर मला सांगून काय उपेग? बैठकीत उभं ऱ्हावा. मानंचं सांगा. कुनी घासलं, का घासलं, कुनाच्या नावावर घातलं, समदं. तुमच्यासारकी आनि कोन तरी घासत बसली आसंल."

"नाना खोली सोडायला लावतील, बाई."

"लावतील," त्या म्हणाल्या. "परतीची गाडी साडेतीनची हाय. चुकली तर हितं मुक्कामाला जागा न्हाई."

दुसरा अर्ज मी त्याच आठवड्यात पोस्टाने पाठवला. ते सोपं होतं, कागद काही वळून बघत नाही. गुरुवारची बैठक नवे गुरुजी अजून नावापुरती घेत होते. तिथे मी उभी राहिले. नाना अध्यक्षांच्या खुर्चीत, काकू बायांमध्ये, मांडीवर नात श्रावणी. मी बोलले. कसं बोलले आठवत नाही, माझ्या "माह्या" आणि "काहून" सकट सगळं बोलले. काथ्याचं सांगताना आरोहीचा हात हातात धरला होता. अर्जातलं वाक्य खोटं होतं आणि ते मी लिहिलं, हेही बोलले. नानांनी ते सांगितलं होतं हे बोलले नाही. लिहिणारा हात माझा होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "आमच्या सह्या खोट्यावर घेतल्या हिनं!" दुसरी म्हणाली, "परक्या गावची ती परक्या गावचीच." नाना उठून गेले. संध्याकाळी दुकानातून निरोप आला, महिन्याच्या आत खोली रिकामी करा. नवरा म्हणाला, "बरं झालं. तू बोलली नसतीस तर मीच बोललो असतो." तो बोलला असता की नाही, देव जाणे. पण तो तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते, तर दार धाडकन उघडलं. शोभाकाकू. शिव्या देतच आल्या. "तुला घरात घेतलं, तुजं दुखनं काढलं, आन तू आमचं नाक कापलंस गं! रातभर डोळ्याला डोळा न्हाई माज्या!" मी पिठाच्या हातांनी उभी राहिले. त्यांनी मागून श्रावणीला पुढे ओढलं, दुसरीतली गोल गोबरी पोर, आणि तिचे केस वर उचलले.

"शिव्या मागनं दीन. आदी ह्ये बग."

मी बघितलं. काळी जाड रेघ. कडेला घासल्याचे ताजे लाल ओरखडे.

"नानांना सांगितलं का?"

"त्याला काय सांगू? त्यो दुकान न उघडता शटरकडं तोंड करून हुबा हाय." आणि एकदम त्यांचा आवाज फाटला. "मी रोज घासती गं हिला. रोज."

मी तवा उतरवला. आरोहीला उठवून नवऱ्याच्या स्वाधीन केलं आणि चपला घातल्या. आम्ही तिघी नसरापूरच्या दवाखान्याकडे निघालो. रस्त्याला लागल्यावर काकूंनी रिक्षाला हात केला. त्याच वेळी मी बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला, आणि मी कोण, कशाला, हे न विचारता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"पोरीनं सकाळधरनं काय खाल्लंय का?"

"नाही, बाई. उपाशी आहे."

"मंग आजच रगत तपासता यील. चालत न्या," बाई म्हणाल्या. "रिक्षा करू नगा."

आणि फोन ठेवून दिला.